साहेबरावाचा प्रयोग

टेंभुर्णीत एखाद्याचं पाण्याचं इंजन हँडल मारून मारूनही सुरू होईना, की शेजारचा म्हणायचा, "झाला का साहेबरावाचा प्रयोग?" नव्या सुनेचा शिरा कढईला चिकटला, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस पडला, ठरलेलं लग्न मोडलं, तरी हेच. गावानं आपल्या नावाचा वाक्प्रचार करावा हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं, आणि साहेबरावाच्या वाट्याला ते चाळिशीच्या आतच आलं होतं.

साहेबराव हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. शिकवायला चांगला होता. बिघडायचं ते फळ्यापासून दूर गेल्यावर. त्यानं सूर्यचूल केली, तर सकाळी ठेवलेली तुरीची डाळ दिवस मावळेपर्यंत नुसती भिजली. कोंबडीशिवाय अंडी उबवायची पेटी केली, तिच्यातून अंडी निघाली ती उकडलेली. ती मीठ-मिरची लावून खाणाऱ्यांत त्याचा मित्र बद्रीनाथ पहिला होता. बद्रीनाथ गावातला जुना जमीनदार, तोंडानं मोकळा, आणि तो वाक्प्रचारही पहिल्यांदा त्याच्याच तोंडातून निघाला असावा, असा साहेबरावाला दाट संशय होता.

स्वतःवर हसायला साहेबराव कधी कमी पडला नाही. गाव हसायच्या आधी आपण हसून घेतलं की गावाचं हसू निम्मं होतं, हा त्याचा एकमेव यशस्वी प्रयोग. पण एकदा त्याची माय, चांगुणाबाई, पिठाच्या गिरणीवरून दळण न घेताच परत आली. गिरणीचा पट्टा तुटला होता आणि कुणीतरी तिच्या देखत म्हणालं होतं, झाला साहेबरावाचा प्रयोग. बाया हसल्या. म्हातारी उठली ती दळण तिथंच टाकून. घरी येऊन ती नुसती भिंतीला टेकून बसली. त्या दिवशी साहेबरावाला हसू आलं नाही. मायच्या कानांवर हे शब्द पुन्हा पडू नयेत, त्यासाठी सगळ्या गावासमोर एक काम तरी आपल्या हातून धड व्हावं, असं त्याला फार वाटलं. आणि त्याला असं काही फार वाटलं, की नवा प्रयोग ठरलेला.

त्याच उन्हाळ्यात बायकोचा भाऊ वसंता आला. वसंता बोटीवर इंजिनखोलीत कामाला. जर्मनीतल्या कुठल्याशा बंदरातून त्यानं दाजींसाठी हेलिकॉप्टर आणलं होतं. खेळणंच, पण चावीचं नव्हे. लिंबाएवढं खरं इंजिन, त्याच्या डोक्यावर छोटा पंखा, बाजूला दोन लांब पाती, आणि पोटात चमचाभर इंधनाची टाकी. सुरू करून सोडलं की टाकी संपेपर्यंत वर जायचं आणि मग पाती गरगरत आपलं आपण खाली यायचं. लगाम नाही, सुकाणू नाही. हे यंत्र आपल्या स्वभावाचं आहे, असं साहेबरावाला पाहताक्षणी वाटलं.

वसंतानं अंगणात बसून सगळं समजावलं. "ह्याला ठिणगी नसती दाजी. ह्या प्लगात बारीक तार हाय. दीड व्होल्टचा एक सेल लावला की तार लाल होती. मंग पंख्याला बोटानं झटका द्यायचा. इंजन चालू झालं की सेल काढून घ्या, मंग स्वतःच्या गरमीवर तार लाल राहती."

"बराबर," साहेबराव म्हणाला.

"ही सुई. जास्ती उघडली की इंजनाला इंधन जास्ती व्हतं, गुरगुरतं, धूर काढतं. बंद करत गेलं की आवाज चढतो. चढून चढून किरकिरा झाला की समजा उपाशी चाललंय, जळंल. तिथून जराशी मागं उघडायची. कानानं करायचं काम हाय."

"बराबर."

"अन् ठेवताना टाकीत थेंब ठेवू नका. उरलंसुरलं जाळून टाका. ह्यातलं स्पिरिट हवेतलं पाणी ओढतं, गंज चढतो. अन् ह्यातलं एरंडेल सुकलं की त्याचा डिंक व्हतो. चार थेंब ताजं तेल सोडा, हातानं फिरवा, चिंधीत बांधून ठेवा. खर्च काहीच न्हाई, पण इसरू नका."

साहेबरावानं मान हलवली. शाळा तपासायला आलेला इन्स्पेक्टर बोलत असताना हलवायची जी मान असते, ती. वसंतानं हेलिकॉप्टर एकदा उडवून दाखवलं, जादाचे दोन प्लग हातात ठेवले आणि तो बोटीवर गेला. साहेबरावानं यंत्र पुस्तकांच्या फळीवर मांडलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं, टाकीतल्या उरल्या इंधनासकट. वर बायकोकडून, सत्यशीलाकडून, लोकरीचा हारही करून घेतला.

हिवाळ्यात त्याला ते सुरू करायची हुक्की आली. घरात बॅटरी होती, तिच्यातले दोन्ही सेल एकापुढं एक ठेवून त्यानं तारा प्लगला लावल्या. प्लगातली तार पांढरी होऊन क्षणभर छान चमकली आणि गेली. प्लगच वाईट असणार, परदेशी मालाचं काही खरं नसतं, असं म्हणून त्यानं दुसरा बसवला आणि तोही तसाच चमकवला. दोन सेल एकापुढं एक जोडले की व्होल्ट दुप्पट होतात, हे त्याच्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात, ते वाक्य फळ्यावर लिहिताना. खडू हातातच राहिला. पुढच्या बाकावरच्या पोरांनी पाहिलं की मास्तर फळ्याकडं तोंड करून एकटेच हसताहेत.

एक प्लग उरला. तो त्यानं जपून बसवला, एकच सेल लावला, पंख्याला झटका दिला, तर पंखा हलेना. आत एरंडेलाचा डिंक झाला होता. साहेबरावानं हार काढून घेतला, यंत्र टॉवेलात गुंडाळलं आणि कपाटात मागं ढकललं.

ते तिथंच राहिलं असतं. पण फाल्गुनात जयंतीची बैठक भरली. समितीचे अध्यक्ष सर्जेराव, गावात सगळे त्यांना भिऊन. म्हणाले, "आवंदा बाबासाहेबांच्या मिरवणुकीत काही नवं पायजे. जाफराबादवाल्यांनी गेल्या साली बँड आणल्ता. आपण काय करून राह्यलो?" आणि साहेबरावानं आपलंच तोंड बोलताना ऐकलं, "आपण मिरवणुकीवर हेलिकॉप्टर उडवू."

मागं कुणीतरी खाकरलं. ते खाकरणं कशाची तयारी आहे हे सगळ्यांना कळलं, साहेबरावाला सगळ्यांच्या आधी. तेवढ्यात दाराशी बायांमध्ये बसलेली चांगुणाबाई म्हणाली, "उडवील. मह्या लेकानं म्हटलं ना, मंग उडवील." तिनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. खाकरणाऱ्यानं शब्द गिळला.

घरी येताना साहेबरावानं हिशेब केला. आपली अब्रू काय, ती सूर्यचुलीतच शिजून गेली होती. पण आज म्हातारीनं स्वतःची पणाला लावली होती, आणि हाताशी होता तो एक प्लग आणि एक गच्च बसलेलं इंजिन.

त्यानं इंजिन स्पिरिटात भिजत घातलं. चार-आठ दिवस रोज काढून पिळून पाहिलं, हलेना. शेवटी सत्यशीला बाजाराला गेलेली पाहून त्यानं चुलीवर तवा ठेवला आणि मंद आचेवर, भाकरी शेकावी तसं, इंजिन उलटंसुलटं शेकलं. डिंक विरघळला. पंखा हलला, मग फिरला. साहेबरावाला इतका आनंद झाला की तवा घासायचं राहून गेलं. त्या रात्रीच्या भाकरीला एरंडेलाचा वास होता. सत्यशीला म्हणाली, "अवो, पुढच्या वक्ताला इंजन तव्यावर अन् भाकर फळीवर ठेवत जा." पुढं बरेच दिवस ती भाकरी वाढताना आधी त्याच्या ताटात तुकडा टाकून त्याचं तोंड बघायची.

वसंताचं इंधन कधीच उडून गेलं होतं. साहेबरावानं औरंगाबादेहून स्पिरिट आणलं. राहिलं एरंडेल. ते पाचवा हिस्सा घालायचं, आणि वसंतानं बजावलं होतं की औषधाच्या दुकानातलं, पाण्यासारखं स्वच्छ पाहिजे. पण चांगुणाबाईचं एरंडेल पंचक्रोशीत नावाजलेलं. ती एरंड्या भाजायची, कांडायची, पाण्यात उकळून वर आलेलं तेल अलगद काढून घ्यायची. काळसर, दाट, उग्र. गावातलं एक लेकरू त्या तेलातून सुटलं नव्हतं. ती बरणी घेऊनच बसली. "दुकानाचं कशाला? मह्या तेलावर उडू दे."

दुकानाचं स्वच्छ असतं, हे साहेबरावाच्या ओठांवर आलं होतं. पण जिनं भर बैठकीत आपल्यासाठी तोंड उघडलं, तिच्या तेलाला नाही कसं म्हणायचं? तो पाचव्या हिश्श्याच्या खुणेपर्यंत ओतून थांबला, तर तिनं बरणी कलती केली. "इतकं? लेकराला पाजतो का काय? चांगलं घाल." तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेल्यावर ती थांबली. जास्त तेलानं इंजिन निदान जळणार तरी नाही, अशी साहेबरावानं विज्ञानाची समजूत घातली.

तालीम माळावर झाली. यंत्र वाऱ्यावर जाऊ नये म्हणून खाली वाकळा शिवायचा दोरा बांधला होता आणि रीळ बद्रीनाथाकडं दिलं होतं. बद्रीनाथाला स्वतःच्या विहिरीवरच्या इंजनाचा अनुभव, म्हणून तो सल्ले देत होता. "मास्तर, एक लाथ घालून बघा. महं तर लाथेबिगर उठतच न्हाई." साहेबरावानं सेल लावला, झटके दिले. बोट सुजलं. सुई थोडी उघडली, पुन्हा झटका. इंजिन एकदम भडकलं, उलटं फिरून त्याच्या नखावर बसलं, आणि पुढच्या झटक्याला सुरू झालं. एवढ्याशा सुईनं त्याचा आवाज आपल्या हातात आहे, हे साहेबरावाला इतकं गोड वाटलं की त्यानं ती नुसती उघडझाक करत टाकी तिथंच संपवली. दुसऱ्या टाकीला सोडलं. ते कमरेएवढं उठलं, मग बोरीच्या झाडाएवढं, मग बद्रीनाथ वर बघता बघता मागं पडला. रीळ त्यानं सोडलं नाही. उताणा पडूनच म्हणाला, "मास्तर, हे तर उडालं." त्याच्या आवाजात थोडी निराशाही होती.

जयंतीला सगळी वस्ती पांढऱ्या कपड्यांत बाहेर पडली. ते कपडे म्हणजे घरोघरी ट्रंकेच्या तळाशी डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला एकेक जोड. जयंती, बुद्धपौर्णिमा आणि धम्मचक्राचा दिवस, एवढ्यालाच निघायचा. चांगुणाबाई लग्नातल्या वरमाईसारखी सगळ्यांच्या पुढं. साहेबरावानं मात्र तेलकट काम म्हणून जुना खाकी सदरा घातला होता. पांढरा सदरा घरी खुंटीवर, यश आलं तर हार गळ्यात घ्यायच्या वेळी घालायला.

चौकात मिरवणूक थांबली. लेझीम थांबली. साहेबराव मधोमध उकिडवा बसला आणि झटके देऊ लागला. काही नाही. पुन्हा झटका, काही नाही. ऊन टाळूत उतरत होतं. कडेला कुजबुज उठली, आणि साहेबरावाला ते तीन शब्द जवळ येताना ऐकू आले. त्याला मायकडं बघायचं धैर्य होईना. प्लग जळला असेल तर संपलंच होतं. त्यानं तार पुन्हा घट्ट केली, सुई अर्धा वळसा उघडली आणि सुजलेल्या बोटानं झटका दिला.

इंजिन बोललं. आधी गुरगुरलं, निळसर धूर काढला, मग आवाज चढायला लागला. साहेबरावानं डोळे मिटून सुई बंद करत नेली. किरकिरायला लागेल त्याच्या अलीकडं थांबला आणि मग भीतीनं पुन्हा बरीच मागं उघडली. उपाशी राहून जळण्यापेक्षा जास्त जेवून सुस्तावलेलं बरं. सेल काढला, हात सोडला.

हेलिकॉप्टर वर गेलं. बद्रीनाथाच्या हातातला दोरा संपेपर्यंत गेलं आणि सगळ्या मिरवणुकीच्या डोक्यावर गरगरत उभं राहिलं. चांगुणाबाईनं डोळ्यांवर हात धरला होता. "सायबा," ती म्हणाली, "तुहा बाप असायला पायजे होता." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसत नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला स्वतःची थट्टा सुचली नाही.

मग लोक ओरडायला लागले, अजून एकदा. साहेबरावानं पुन्हा टाकी भरली, पुन्हा उडवलं. सर्जेराव स्वतः म्हणाले, "अजून एकडाव." मिरवणूक पुढं जाईना, बाटली रिकामी होईपर्यंत कुणी जाऊ देईना. हवेत भाजल्या एरंडीचा वास दरवळला. कित्येकांना लहानपण आठवलं आणि काहींच्या पोटात उगीच कळ आली.

वास आला तेव्हाच विज्ञानाच्या मास्तराला कळायला हवं होतं. इंजिनात स्पिरिट जळतं. एरंडेल जळत नाही, ते काळं होऊन धुराच्या नळीतून बाहेर पडतं. ह्या यंत्राचं इंजिन पात्यांबरोबर स्वतःही गरगरतं, म्हणजे ते बाहेर पडतं ते सगळ्या बाजूंना सारखं. त्यात माय तेलाचा हात सैल सोडलेली आणि लेक सुईचा. बाबासाहेबांच्या तसबिरीच्या बैलगाडीवर छत होतं, तेवढी लाज राहिली. बाकी सगळी टेंभुर्णी बारीक काळ्या ठिपक्यांनी शिंपडून निघाली होती. आधी सर्जेरावांच्या सूनबाईच्या ध्यानात आलं. तिनं सासऱ्याच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि बोटाचा वास घेतला.

साहेबराव पांढरा सदरा घालायला घरी गेला तो परत आलाच नाही. हार तसाच राहिला.

त्यानंतर दारापुढून बाया ओढ्याकडं जायच्या त्या सोडा आणि रिठे घेऊन. डाग फिके झाले, गेले नाहीत. साहेबराव आतून बघायचा. त्या ट्रंकेतल्या एकेका जोडाची किंमत त्याला माहीत होती, त्यामागची वर्षंही माहीत होती. शाळेत जायचं, शाळेतून यायचं, एवढंच त्यानं ठेवलं. एक गोष्ट मात्र त्या दिवसांत त्याच्या हातून पहिल्यांदा नीट झाली. त्यानं टाकीतला थेंब न् थेंब संपवला, इंजिनात मायचं ताजं तेल सोडलं, हातानं फिरवलं, चिंधीत बांधलं आणि ते गाठोडं ज्वारीच्या कणगीत खोल ठेवून दिलं. पुन्हा कधी काढायचं नव्हतं म्हणूनच बहुतेक इतकं व्यवस्थित झालं.

बुद्धपौर्णिमेला जायची त्याची इच्छा नव्हती. सत्यशीलानं पांढरा सदरा हातात दिला. "चला. तोंड लपवायला आपण काही चोरी केली न्हाई. फक्त तेल सांडलं."

विहाराच्या अंगणात सगळे बसले होते, आणि सगळे ठिपक्यांचे. कुणाचा खांदा, कुणाचा पदर, कुणाची टोपी. साहेबराव खाली मान घालून कडेला बसणार, तेवढ्यात त्याला वाद ऐकू आला. पिंपळगाव रेणुकाईहून आलेला एक पाहुणा सांगत होता की तोही त्या दिवशी चौकात हजर होता. आणि सगुणाबाई नावाची म्हातारी त्याच्या सदऱ्याची बाही ताणून बघत होती. "कुठं व्हतास रे? दाव की मंग ठिपका. हे बघ मह्या लुगड्यावर, सात हायेत. मी पार दोऱ्याखाली उभी व्हते."

पाहुणा वरमला. लोक हसले. कोण दोऱ्याच्या किती जवळ होतं, ते जो तो आपले ठिपके दाखवून सांगू लागला. चांगुणाबाईनं तर लुगड्याला साबणच लागू दिला नव्हता. तिचे ठिपके सगळ्यांत काळे होते, आणि ती पदर असा पसरून बसली होती की ते मोजता यावेत.

मग सर्जेरावांची नजर त्याच्यावर पडली. त्यांनी त्याला खालीवर न्याहाळलं. "मास्तर," ते म्हणाले, "तुमचा सदरा बिलकुल कोरा हाय. तुम्ही नव्हता का त्या दिवशी?"

सगळं अंगण हसलं. साहेबरावही हसला, पण त्याला ते लागलं. गावाच्या आठवणीतला तो एकुलता एक उडालेला प्रयोग, आणि तिथं असल्याचा पुरावा नाही तो फक्त त्याच्याच अंगावर. पाणी पिऊन येतो म्हणून तो उठला आणि सरळ घरी गेला. कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यानं गाठोडं काढलं. इंजिन सुरेख राहिलं होतं. पंखा बोटानं फिरवला तर आतलं तेल तोंडाशी आलं. त्यानं दाराकडं एकदा पाहिलं आणि बोट सदऱ्याच्या खांद्याला पुसलं.

परत येऊन तो मायच्या शेजारी बसला, खांदा जरासा पुढं करून. चांगुणाबाईनं डाग पाहिला. वाकून वास घेतला. मग तिनं त्याच्याकडं असं पाहिलं, जसं लहानपणी साखरेच्या डब्यापाशी पकडल्यावर पाहायची.

"सायबा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "हे जळालेलं न्हाई. हे कच्चं तेल हाय."

म्हातारीला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून ती हलत होती. "झाला," ती म्हणाली, "झाला साहेबरावाचा प्रयोग." ज्या शब्दांपायी तिनं गिरणीत दळण टाकून दिलं होतं, तेच शब्द. मग कुणाचं लक्ष जायच्या आत तिनं आपला ठिपक्यांचा पदर सरकवला आणि त्याच्या खांद्यावरचा खोटा डाग झाकून टाकला.